एमएससी ॲग्रीनंतर अमेरिका, असिस्टंटशिप नक्की मिळते कशी? आप्पा दोन एकर विकायला निघालेत

हुरडा_पार्टी

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी मंगळवेढा तालुक्यातली, एमएससी ॲग्री करतेय, विषय प्लांट ब्रीडिंग, थीसिस रब्बी ज्वारीवर (मंगळवेढ्याची म्हटल्यावर दुसरं काय असणार). मालदांडी आणि अजून चाळीस वाण लावलेत, पाणी तुटल्यावर कुठल्याचं पान किती दिवस हिरवं राहतं आणि खडखड्या रोग किती लागतो ते मोजायचं. एक रब्बी झाली, यंदाची ट्रायल आत्ता शेतात उभी आहे.

आता मुद्दा असा की मला पुढं अमेरिकेत शिकायचंय आणि पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीनं मला एका ठिकाणी एमएस, नॉन-थीसिस, दीड वर्षाचं, असं ॲडमिशन करून दिलंय, खर्च सगळा धरून ३८ लाख सांगतायत. मी स्कॉलरशिपचं विचारलं तर म्हणे मॅडम तुम्ही पहिलं जा तर, तिथं गेल्यावर सगळ्यांना असिस्टंटशिप मिळते. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले साडेसात लाखाच्या वर तारण लागणार आणि शेतजमीन तारण म्हणून चालत नाही, एनए प्लॉट नाहीतर फ्लॅट दाखवा. आमच्याकडं फ्लॅट कुठला. तर आप्पा आता शांतपणे म्हणतायत की रस्त्याकडची दोन एकर विकून टाकू, पोरीचं शिक्षण झालं पाहिजे. मला रात्री झोप येत नाहीये खरं सांगायचं तर.

असिस्टंटशिप म्हणजे नक्की काय, ती कोण देतं, अर्ज कुठं करायचा, टीए आरए जीए हे सगळं वेगळं का एकच? आणि "तिथं गेल्यावर मिळते" हे खरं का? कुणी शेतीवालं असेल तर प्लीज सांगा, सगळीकडं कॉम्प्युटरवाल्यांचेच अनुभव आहेत.

---

प्रेअरीतला_पाटील

ताई, आधी आप्पांना फोन कर आणि सांग की दोन एकर आहे तिथंच राहू दे. मग बाकीचं वाच.

मी सांगलीकडचा, ॲग्रोनॉमीत पीएचडी करतोय, चौथं वर्ष, गव्हाच्या आणि मिलोच्या मुलखात (ज्वारीला इथले म्हातारे शेतकरी मिलो म्हणतात). घरून एक रुपया फी भरलेली नाही. आणि मी काही टॉपर वगैरे नव्हतो, सातच्या आसपास जीपीए होता.

शेतीचं गणित कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा वेगळं आहे हे कन्सल्टन्सीवाल्यांना माहीत नसतं, किंवा असतं आणि सांगत नाहीत, कारण त्यांचं कमिशन फी भरणाऱ्या पोरांवर असतं, फुकट शिकणाऱ्यावर नसतं. नॉन-थीसिस एमएस हा युनिव्हर्सिटीसाठी कमाईचा कोर्स आहे, त्यात तू कुणा प्रोफेसरच्या कामाची नाहीस, म्हणून तुझ्यावर कुणी पैसे घालणार नाही. थीसिसवाला एमएस किंवा पीएचडी म्हणजे तू प्रोफेसरच्या शेतात, लॅबमध्ये काम करणार, त्याच्या ग्रँटवर (संशोधनासाठी त्याला मिळालेल्या निधीवर), आणि तो तुझी फी आणि पगार त्या ग्रँटमधून देणार. हीच रिसर्च असिस्टंटशिप, आरए. म्हणजे ही शिष्यवृत्ती नव्हे, ही नोकरी आहे, आणि ती स्कॉलरशिप ऑफिस देत नाही, एक माणूस देतो. तो माणूस आधी शोधायचा, फॉर्म नंतर. आमच्या डिपार्टमेंटमध्ये तर कुणी प्रोफेसर "हा मी घेतो" म्हटल्याशिवाय ॲडमिशनच देत नाहीत, मार्क कितीही असोत.

टीए म्हणजे टीचिंग, ती डिपार्टमेंट देतं, बीएस्सीच्या पोरांचं प्रॅक्टिकल घ्यायचं, पेपर तपासायचे. परदेशी मुलांचं इंग्रजी बोलणं त्यासाठी वेगळं तपासतात, टोफेलचा नुसता टोटल स्कोअर बघत नाहीत, स्पीकिंगचा वेगळा बघतात. जीए म्हणजे बाकी सगळं, लायब्ररी, होस्टेल, ऑफिस. आणि एक गंमत, जाहिरातीत आरए दिसलं तर नीट वाच. आमच्यातल्या एकानं आरए आरए म्हणून अर्ज केला, इंटरव्ह्यूला त्याला विचारलं रात्री दोनला फायर अलार्म वाजला तर काय करशील. ते रेसिडेंट असिस्टंट होतं, होस्टेलचं! राहणं-जेवण फुकट मिळतं त्यात, वाईट नाही, पण फी माफ होईलच असं नाही.

लेटरमध्ये ५० टक्के किंवा ०.५ एफटीई असं लिहिलेलं असतं, घाबरू नको, म्हणजे अर्धी फी नव्हे. आठवड्याला २० तास काम असा अर्थ, आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर २० तासांच्या वर काम करताच येत नाही, म्हणून ५० टक्के म्हणजे फुल. २५ टक्के म्हणजे १० तास. इलिनॉय अर्बाना-शँपेनसारख्या ठिकाणी २५ टक्क्यांवरसुद्धा ट्यूशन माफ होते, इतर ठिकाणी १० तासांवर निम्मीच होते किंवा होतच नाही, त्यामुळे टक्क्यांकडं आणि वेव्हरकडं (फी माफीकडं) दोन्हीकडं बघायचं. (आणि २० तास हे कागदावर हां. कापणीच्या टायमाला कॉम्बाईनच्या मागे फिरताना घड्याळ कोण बघतं.)

आता तुझं. एमएससी थीसिससकट होतेय तर परत एमएस कशाला करतेस, सरळ पीएचडीला अर्ज कर, आपल्या कृषी विद्यापीठांची एमएससी इथं चालते आणि पीएचडीला फंडिंग जास्त पक्कं असतं. आणि तुझा विषय तर काय सांगू, तुला कळलेलं नाहीये तू कुठं बसलीयेस ते. ज्वारी पिकवण्यात कॅन्सस अमेरिकेत एक नंबर, मग टेक्सास. कॅन्सस स्टेट मॅनहॅटनला आहे (न्यूयॉर्कवालं नव्हे, मामाला सांगताना गोंधळ होतो), टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक लबकला, नेब्रास्का लिंकनला, परड्यू. परड्यूच्या गेबिसा एजेटा यांना २००९ चा वर्ल्ड फूड प्राईज ज्वारीवरच मिळाला. आणि पाणी तुटल्यावर पान हिरवं राहणं म्हणजे स्टे-ग्रीन, त्यावर हे लोक वर्षानुवर्षं काम करतायत. तू रोज पहाटे उठून जे मोजतेस ते इथल्या माणसाला ओळीत समजेल.

---

वऱ्हाडी_ठेचा

पाटील बरोबर बोलून राहिले. मी उलटी बाजू सांगतो, कारण "गेल्यावर मिळते" या वाक्यावर भरोसा ठेवून गेलेला माणूस मीच.

मी अकोल्याचा, फूड टेक्नॉलॉजी. लोन काढून गेलो, बाबाचं घर तारण. युनिव्हर्सिटीचं नाव नाही घेत. पहिल्या आठवड्यात डिपार्टमेंटमधल्या नऊ जणांचे दरवाजे वाजवले, सगळे इतके गोड बोलले की मला वाटलं आता झालंच काम. "वी विल कीप यू इन माईंड". दोन महिने मी त्या वाक्यावर जगलो ना भाऊ! नंतर एका सीनियरनं सांगितलं, अबे ते नाही म्हणून राहिले तुले. ज्यांच्याकडं पैसा होता त्यांनी त्यांची पोरं मागच्या मार्चमध्येच घेऊन ठेवली होती.

मग मेसमध्ये लागलो. ताशी साडेसात डॉलर, वीस तास, म्हणजे आठवड्याला दीडशे. त्यात भाडं निघते, फी नाही निघत. ट्रे धुवायच्या मशीनची वाफ तोंडावर येते ना, जानेवारीत बाहेर मायनस पंधरा आणि आत घाम, चष्मा काढून खिशात ठेवावा लागे. तिसऱ्या सेमिस्टरला एका सरांकडं ग्रेडरचं काम मिळालं, दहा तास, फी माफी शून्य. बस, एवढीच माझी असिस्टंटशिप. लोन आजही चालू आहे, नोकरी आहे म्हणून बरं.

गेल्यावर मिळतच नाही असं नाही, माझ्याच बॅचच्या एका पोरीला दुसऱ्या सेमिस्टरला मिळाली, आमच्या नाही तर स्टॅट्स डिपार्टमेंटची टीए, तिचं गणित पक्कं होतं म्हणून. पण ते म्हणजे नागपूर स्टेशनवर उभं राहून वेटिंगचं तिकीट कन्फर्म होण्याची वाट बघणं. दोन एकर विकून वेटिंगचं तिकीट काढू नको ताई.

---

डॅलसकर

मी शेतीवाला नाही, आयटीवाला, तरी टेक्सासची एक गोष्ट सांगायलाच हवी कारण लोकांना माहीत नसते आणि कन्सल्टन्सीवाले तर अर्धीच सांगतात.

इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बाहेरच्यांची फी राज्यातल्या मुलांपेक्षा कितीतरी पट असते. पण टेक्सासच्या कायद्यात असं आहे की वर्षाला किमान १,००० डॉलरची स्पर्धेतून दिलेली स्कॉलरशिप युनिव्हर्सिटीनं दिली तर त्या वर्षी परदेशी मुलालाही राज्यातलीच फी लावता येते. म्हणजे स्कॉलरशिप हजार डॉलरची, पण वाचतात त्याच्या कितीतरी पट. मला हीच मिळाली होती. पत्र आलं तेव्हा आई म्हणाली हजारच डॉलर? एवढा नाचतोयस कशाला? मला तिला समजावायला अर्धा तास लागला. शिवाय टेक्सासमध्ये आपल्या विषयातली अर्धवेळ टीए किंवा आरए असेल तरी राज्यातला दर लागतो.

दोन गोष्टी मात्र. एक, ही प्रत्येकाला मिळत नाही, अर्ज वेगळा आणि डेडलाईन बरेचदा ॲडमिशनच्या आधीची असते, आणि पुढच्या वर्षी परत मिळेलच असं नाही. दोन, राज्यातला दर म्हणजे फुकट नव्हे. वऱ्हाडी भाऊंशी मी पूर्ण सहमत नाही, आमच्या फील्डमध्ये लोन काढून एमएस करून फेडलेले शेकडो आहेत, मी त्यातलाच. पण आमचं गणित नोकरीच्या पगारावर होतं. ज्वारीत डॉक्टरेट करणाऱ्या मुलीनं ते गणित मांडू नये, तिला फुकट शिकता येत असताना तर अजिबात नाही.

---

निवृत्त_मास्तर

मी कृषी विद्यापीठात बत्तीस वर्षं शिकवलं, आता घरी आहे, नातवानं हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

मुली, तुझं विद्यापीठ आणि ती अमेरिकन विद्यापीठं हे एकाच घराण्यातलं आहे, हे लक्षात ठेव म्हणजे भीती कमी होईल. तिकडे १८६२ च्या मॉरिल कायद्यानं जमिनी देऊन शेतीची कॉलेजं काढली, त्यांना लँड ग्रँट म्हणतात, १८८७ ला हॅच कायद्यानं त्यांना संशोधन केंद्रं जोडली. आपल्याकडे १९६० ला पंतनगर निघालं ते इलिनॉयच्या मदतीनं, याच नमुन्यावर, आणि पुढे राहुरी वगैरे सगळी त्याच वळणाची. शिक्षण, संशोधन, विस्तार. त्यामुळे तू ज्या प्रोफेसरला लिहिशील तो तुझी ट्रायल, रेप्लिकेशन, स्कोअरिंग हे सगळं जन्मापासून ओळखतो. त्याला ओळख नाही ती तुझी.

आणि इथंच आमची पोरं मार खातात. माझ्या विद्यार्थ्यांचे ईमेल मी वाचलेत. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय हंबली रिक्वेस्ट युवर गुडसेल्फ", मग जन्मतारीख, मग दहावीचे टक्के, मग एनएसएस कॅम्पचं सर्टिफिकेट, आणि हेच पत्र साठ जणांना, एकदा तर वर दुसऱ्याच प्रोफेसरचं नाव तसंच राहिलेलं! ते लोक अशी पत्रं न उघडता पुसतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. तू तुझं पत्र इथे टाक, आपण बघू.

शिष्यवृत्त्यांचं म्हणशील तर अटीत बसत असशील तरच बघ. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, १२५ जागा, मुख्यतः अनुसूचित जाती, शिवाय भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीसाठी, मराठा समाजासाठी सारथीची आहे. पण यांना जागतिक रँकिंगची अट असते आणि शेतीत ती अट आपल्या मुलांना फार जाचते. परड्यू, टेक्सास ए अँड एम वर असतात, पण कॅन्सस स्टेट, टेक्सास टेक त्या यादीत बरीच खाली, ज्वारीत मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नाही. ज्यानं ही अट घातली त्यानं ज्वारी खाल्ली असेल, पेरली नसेल. कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणून जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासूनचं, ते अवश्य बघ, विमानाचं तिकीट आणि सुरुवातीचे दोन महिने तेवढ्यात निघतील.

---

हुरडा_पार्टी

सगळ्यांचे खूप आभार. आप्पांना पाटील दादांचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, उठून बैलांना वैरण टाकायला गेले.

मास्तर, लाज वाटतेय पण माझ्या पत्रात गुडसेल्फ आहे. आणि एनएसएस पण आहे. थोडक्यात असं आहे: मी अमुक गावची, लहानपणापासून शेतीची आवड, आपल्या थोर मार्गदर्शनाखाली शिकायची इच्छा, फंडिंग मिळाल्यास उपकृत होईन, सोबत सहा पानी बायोडेटा.

---

निवृत्त_मास्तर

सगळं काढ. उपकृत आधी काढ. तू त्याच्याकडे दान मागत नाहीयेस, त्याला शेतात उन्हात उभा राहणारा माणूस हवाय आणि तो माणूस तू आहेस.

पहिलं वाक्य: मी एक्केचाळीस रब्बी ज्वारी वाणांची दोन हंगाम चाचणी घेतेय, साठलेल्या ओलीवर, पेरणीनंतर पाणी नाही. दुसरं: स्टे-ग्रीन आणि खडखड्याचं स्कोअरिंग मी स्वतः करते, अमुक दोन वाण पहिल्या वर्षी वेगळे दिसले. तिसरं: तुमच्या अमुक पेपरमध्ये तुम्ही असं म्हटलंय, आमच्या काळ्या रानात मला तसं दिसलं किंवा नाही दिसलं. दिसलं नसेल तर तेच लिही, तो लगेच उत्तर देईल, माणसाला मतभेद आवडतो. चौथं: पुढच्या फॉलला (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राला) तुमच्याकडे पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी जागा आणि निधी आहे का? सरळ विचार, त्यांच्यात ते उद्धट मानत नाहीत. खाली नाव. बायोडेटा दोन पानी. आणि पेपर खरंच वाच, नुसतं शीर्षक नको, कॉलवर पकडतात.

बाय द वे, खडखड्याला पत्रात चारकोल रॉट लिही. त्याला खडखड्या कळायचा नाही. शब्द मात्र आपलाच चांगला आहे, वाळलेलं ताट हलवलं की आवाज येतो तसाच.

---

नाव_नको

हे सगळं ठीक आहे पण आता अमेरिकेत ग्रँटच राहिल्या नाहीत म्हणे, मग कशाला पोरीला आशा लावताय?

---

प्रेअरीतला_पाटील

अर्धं खरं आहे. २०२५ मध्ये यूएसएड (परदेशांना मदत देणारी इथली सरकारी संस्था) गुंडाळलं तेव्हा तिच्या फीड द फ्यूचर या शेती कार्यक्रमातल्या, युनिव्हर्सिट्यांत चालणाऱ्या बहुतेक इनोव्हेशन लॅब थांबल्या, आणि त्यात ज्वारी-बाजरीवाल्यांना चांगलाच फटका बसला. फेडरल पैशावरच्या बऱ्याच ठिकाणी त्या वर्षी पीएचडीची पोरं कमी घेतली. म्हणूनच "ग्रँट कुणाची" हे विचारायचं असतं. सगळा पैसा वॉशिंग्टनवरून येत नाही. इथं ज्वारीचा चेकऑफ आहे, शेतकऱ्यानं दाणे विकले की किमतीच्या ०.६ टक्के कापून संशोधन आणि प्रचाराच्या फंडात जातात, आपल्या मार्केट यार्डातल्या सेससारखं, फक्त इथं तो परत ज्वारीवरच खर्च होतो. शिवाय राज्याचे पैसे, बियाणं कंपन्यांचे. मी गेल्या वर्षी फील्ड डेला पोस्टर घेऊन उभा होतो तर एक सत्तरीचा शेतकरी आला, टोपी मागं सरकवून म्हणाला माझ्या पैशाचं काय केलंस दाखव. मला आधी चेष्टा वाटली. खरंच विचारत होता.

---

हुरडा_पार्टी

(तीन महिन्यांनी) मंडळी आहात का? बावीस मेल पाठवले. चौदांचं उत्तर नाही, पाच जण सभ्यपणे नाही, दोघं म्हणाले पुढच्या वर्षी विचार, आणि एकांनी कॉल लावला!! नाव अजून सांगत नाही, नजर लागेल.

कॉल शेतातून घेतला कारण वाड्यावर रेंज नाही. मी सगळं पाठ करून बसले होते, माझी ध्येयं वगैरे, त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले मागं दिसतंय ते तुझं प्लॉट का, दाखव. मग फोन फिरवून अर्धा तास ओळी दाखवल्या, एका ठिकाणी ताटं आडवी पडलेली, म्हणाले एक बुडातून फोडून दाखव. फोडलं, आत काळं. ते तिकडं खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले येस, दॅट्स इट. नंतर रीतसर अर्ज केला, आणि परवा लेटर आलंय.

लेटरमध्ये असं आहे: पीएचडी, आरए, ०.५ एफटीई, १२ महिने, महिना २,१५० डॉलर, ट्यूशन ग्रँटमधून, फीज विद्यार्थ्यानं भरायच्या, हेल्थ इन्शुरन्सचा काही भाग युनिव्हर्सिटी देणार. आणि खाली एक ओळ, दरवर्षीचं नूतनीकरण कामगिरी आणि उपलब्ध निधीवर अवलंबून. त्या ओळीनं पोटात गोळा आलाय. १५ एप्रिलपर्यंत कळवा म्हणतात. काय करू?

---

वऱ्हाडी_ठेचा

करू काय म्हणते! पेढे वाट!

---

प्रेअरीतला_पाटील

जबरी!! ते ताट फोडायचं ऐकून अंगावर काटा आला.

ती ओळ सगळ्यांच्या लेटरमध्ये असते, माझ्याही आहे, चार वर्षं झाली. तरी सरांना सरळ मेल टाक: ग्रँट कुठली, किती वर्षं उरलीत, आणि ती संपली तर डिपार्टमेंट टीएवर घेतं का. चांगला माणूस असेल तर राग येणार नाही. १२ महिने लिहिलंय हे फार बरं झालं, बऱ्याच ठिकाणी ९ महिन्यांचं असतं आणि उन्हाळ्यात पोरं वाऱ्यावर. १५ एप्रिलची तारीख उगाच नाही, तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलांचा आपसात ठराव आहे की फंडिंगच्या ऑफरला त्याच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही, सही केलेल्या युनिव्हर्सिट्या पाळतात. तेव्हा घाईनं सही नको, पण हातात दुसरं काही नसेल तर उगाच ताणू पण नको.

"फीज" या शब्दाकडं बघ. ट्यूशन आणि फीज वेगळं. माझ्या इथं सेमिस्टरला सहाशेच्या वर जातात, तुझा आकडा वेबसाईटवर बघ. हातात किती उरतं म्हणशील तर भाडं तिघांत मिळून माझं साडेचारशे, किराणा अडीचशे, बाकी इन्शुरन्स, फोन वगैरे. आरामात नाही पण रडतही नाही, दिवाळीला घरी थोडे पाठवतो.

---

डॅलसकर

अभिनंदन! टॅक्सचं मी सांगतो. माफ झालेल्या ट्यूशनवर टॅक्स नाही, महिन्याच्या पगारावर आहे. पण भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ मुळे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) घेता येतं, बाकी बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही, २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या पगारावर फेडरल टॅक्स जवळपास शून्यच, कापला असेल तर परत माग. सोशल सिक्युरिटीचा कर एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं लागत नाही, पगारपत्रकात कापलेला दिसला तर लगेच पेरोलला सांग. आणि टॅक्स खात्याचा फॉर्म ८८४३ दरवर्षी भर, उत्पन्न नसलं तरी.

सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर आणि व्हिसाची १८५, ही घरूनच भरायची आहे, कुणी देत नाही. आय-२० वर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर) असिस्टंटशिपचा आकडा लिहून येईल, व्हिसाच्या खिडकीवर खर्च कोण करणार विचारलं की ते लेटर पुढं करायचं. दोन एकराची गोष्ट नको सांगूस.

---

हुरडा_पार्टी

सरांना मेल टाकला, एका तासात उत्तर आलं. ग्रँटची तीन वर्षं उरलीत, त्यातला काही पैसा तुम्ही म्हणता तो चेकऑफचाच आहे, आणि आजवर त्यांचं एकही पोर अर्ध्यात सुटलेलं नाही असं लिहिलंय. आज हो कळवलं.

आप्पांनी एवढंच विचारलं की ते लोक ज्वारीची भाकरी खातात का. मी म्हटलं नाही, जनावरांना घालतात आणि इथेनॉल करतात. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले मग एवढा खर्च कशाला करतायत तुझ्यावर.

पाटील दादा, सुरुवातीला किती पैसे घेऊन येऊ?

---

प्रेअरीतला_पाटील

दोन महिन्यांचे धर, दोन ते अडीच हजार डॉलर. ऑगस्टच्या मध्यावर येशील, मग सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज, त्याला डिपार्टमेंटचं आणि इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र लागतं, मग पेरोल, पहिला पगार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तरी हातात येत नाही. तोवर घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी. गादी विकत घेऊ नको, मे महिन्यात सोडून जाणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेव.

आणि लोखंडी तवा आण. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, पण जुनं असतं, भाकरी थापताना कडेनं तुटते.